तलावावर न्यायची पिशवी

मागच्या मे महिन्यात आईनं पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता विचारलं, "मला येईल का गं पोहायला? आता या वयात?" आई ६७ वर्षांची आहे. मी पटकन "येईल की" म्हटलं, आणि मग रात्री आडवी पडल्यावर तिचे गुडघे, तिचं बीपी, तिचा दम हे सगळं बाजूलाच राहिलं आणि डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली, हिला घालायला काय आणायचं. कारण मी इतकी वर्षं बायकांच्या बॅचला जातेय, मला माहितीय, आपल्या बायका पाण्याला घाबरतात त्याहून जास्त चेंजिंग रूमच्या दारापासून तलावाच्या काठापर्यंतच्या त्या वीस पावलांना घाबरतात. आणि ती वीस पावलं अंगावर काय आहे त्यावर ठरतात.

पोहण्याच्या सामानाविषयी कोणी बोलायला लागलं की गाडी लगेच वेगावर जाते, कुठल्या कॉश्च्युमनं किती सेकंद वाचतात वगैरे. ते रेसवाल्या पोरांसाठी ठीक आहे. आपल्यासारख्यांना ही पिशवी मुळात पाण्यात उतरता यावं म्हणून लागते, आणि ती नव्हती म्हणून किती माणसं आयुष्यभर काठावरच राहिली, त्यात मी होते आणि माझी आईसुद्धा.

माझं सांगते. मला चौथीत चष्मा लागला, दहावीपर्यंत नंबर मायनस साडेसहा. आम्ही प्रभादेवीला राहतो, शाळेत असताना शिवाजी पार्कच्या तलावावरून जाताना आतून पाण्याचे आणि शिट्ट्यांचे आवाज यायचे आणि मला आत जावंसं इतकं वाटायचं की मी तिथे चालायचा स्पीड कमी करायचे. कॉलेजात असताना एकदा एका ठिकाणी नाव घातलं. चष्मा काठावर काढून ठेवला आणि समोरचं सगळं विरघळलं. सरांचा चेहरा दिसेना, ते हात कसा वळवून दाखवतायत ते दिसेना, उथळ कुठे संपतं आणि खोल कुठे सुरू होतं ती रेघ दिसेना. तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी गेले नाही. पुढची वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिले की मला पाण्याची भीती वाटते, आणि मलाही ते खरं वाटत होतं.

मग ३८ व्या वर्षी चष्म्याची काच बदलायला गेले होते, दुकानातले काका दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत होते, "नंबरचा स्विमिंगचा गॉगल मिळतो की, त्यात काय." मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. एवढी साधी वस्तू आहे आणि ती मला वीस वर्षांत कोणी सांगितली नाही.

म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते, कोणाला उपयोग होईल. आपल्या डोळ्याची फोकस करायची जी ताकद असते त्यातली साधारण दोन तृतीयांश समोरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची असते, आणि ती चालते कारण बाहेर हवा आणि आत पाण्यासारखा पदार्थ, त्या बदलामुळे उजेड वाकतो. डोळा पाण्यात गेला की दोन्हीकडे जवळजवळ सारखंच झालं, उजेड वाकतच नाही, म्हणून चांगल्या नजरेच्या माणसालाही पाण्यात सगळं धूसर दिसतं. गॉगल काय करतो, तर डोळ्यासमोर हवेचा एक छोटा कप्पा धरून ठेवतो. नंबरच्या गॉगलमध्ये त्या कप्प्याच्या काचेला तुमचा नंबर असतो, अर्ध्या अर्ध्याच्या टप्प्यात तयार मिळतात, काही कंपन्या डावी उजवी काच वेगळी निवडू देतात. सिलिंडरचा नंबर तयार गॉगलमध्ये नसतो पण खरं सांगू का, पाण्यात त्याच्यावाचून फार अडत नाही. आणि कृपा करून कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहू नका. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो लेन्सच्या मागे अडकला तर कॉर्नियाला जो संसर्ग होतो तो बरा करायला महिनोन् महिने जातात, नजरही जाऊ शकते, आणि क्लोरीननं तो मरेलच अशी खात्री नसते.

माझा पहिला गॉगल मी धोबी तलावला जाऊन घेतला. मरीन लाइन्सला उतरायचं, मेट्रो सिनेमाच्या बाजूला चालत यायचं, खेळाच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत, कॅरमपासून क्रिकेटच्या पॅडपर्यंत. त्या जागी कधीकाळी खरोखरचा तलाव होता, फ्रामजी कावसजी यांच्या नावाचा, तो बुजवला गेला आणि नाव तेवढं राहिलं. मला दरवेळी तिथे गेलं की हे आठवतं, बुजवलेल्या तलावाच्या आसपास आपण पोहण्याचं सामान विकत घेतोय.

दुकानात गॉगल बघताना पट्टा डोक्याला लावूच नका. नुसत्या काचा डोळ्यांवर हलक्या दाबा आणि हात सोडा. दोनतीन सेकंद हवेच्या पकडीनं तिथेच चिकटून राहिल्या तर तो गॉगल तुमच्या चेहऱ्याचा. लगेच पडल्या तर कितीही महाग असला तरी नको, कारण मग तुम्ही पट्टा आवळणार, आणि आवळला की रबराची कड दुमडते आणि उलट जास्त पाणी आत येतं, वर डोळ्यांभोवती दिवसभर वळ. पट्टा कानांच्या वरून, डोक्याच्या मागे जरा उंचावर बसवायचा. आतल्या बाजूला धुकं धरू नये म्हणून एक थर दिलेला असतो, तिथे बोट लावायचं नाही, पुसायचं तर अजिबातच नाही, साध्या गार पाण्यात खळखळून सावलीत सुकवायचा. उघड्या तलावात सकाळी नऊनंतर ऊन सरळ डोळ्यांत येतं तिथे काळसर काच बरी, छताखालच्या तलावात किंवा संध्याकाळी साधी पारदर्शकच.

आमचे सर (आता वयस्कर आहेत, नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही) नवीन पोरांना एक गोष्ट सांगतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी शेवटी त्याला भिंत दिसत नव्हती. तो हात मोजत पोहला, किती स्ट्रोकनंतर भिंत येते ते त्याला पाठ होतं, आणि गोल्ड जिंकला, १ मिनिट ५२.०३ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड. सर ही गोष्ट पोरांना स्ट्रोक मोजायची सवय लागावी म्हणून सांगतात. मी ती ऐकते तेव्हा मला कॉलेजातली ती तीन दिवसांची मुलगी आठवते जिला काहीच मोजता येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं, आणि तिच्याविषयी मला अजूनही वाईट वाटतं.

बरं, आईचं. आईसाठी मी घेतला तो पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत पँट आणि वरून फ्रॉकसारखा घेर असलेला नायलॉनचा कॉश्च्युम, गडद जांभळा. तिनं तो हातात धरून ताणून बघितला, परत घडी घातली, परत उलगडला. म्हणाली, "माझ्या वेळेला असं काही मिळत असतं तर." तिचं माहेर देवगडच्या बाजूचं, घराच्या खाली ओढा. भाऊ लंगोट लावून दिवसभर पाण्यात, आणि ही काठावर त्यांचे कपडे राखत बसायची. मुलीनं ओल्या परकरानं घरी यायचं नाही, एवढाच नियम होता. कोणी तिला पोहायला नको असं कधीच म्हणालं नाही, फक्त तिच्याकडे पाण्यात घालायचा कपडा नव्हता.

सुती का नाही ते तिनं विचारलं, कारण तिच्या मते सुतीहून चांगलं जगात काही नाही. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, हातापायांना खाली ओढतो, धागेही सुटतात. म्हणून बहुतेक तलावांवर नायलॉनचाच लागतो आणि टोपी सक्तीची. अंगाला बसेल असाच घ्यायचा, संकोचानं एक माप मोठा घेतला तर त्यात पाणी भरतं आणि तो पोत्यासारखा फुगतो. रोज पोहणार असाल तर पॉलिएस्टरवाला बघा, क्लोरीननं नायलॉनच्या कॉश्च्युममधला ताणणारा लायक्रा सहा-आठ महिन्यांत सैल पडतो, पॉलिएस्टर बराच जास्त टिकतो. घरी आल्यावर लगेच साध्या पाण्यात काढायचा, पिळायचा नाही, सावलीत घालायचा.

कपड्याचं महत्त्व किती वरपर्यंत जातं बघा. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनचे अख्खे सूट घालून पोहणाऱ्यांनी एकाच स्पर्धेत ४३ विश्वविक्रम केले, आणि १ जानेवारी २०१० पासून तसले सूट बंदच करावे लागले. कपडा माणसाला तरंगवायला लागला होता. मला ते बंद झालं ते बरोबरच वाटतं, पण त्या बातम्या वाचताना माझ्या मनात सारखं हे यायचं की तिकडे शतांश सेकंदासाठी एवढं संशोधन आणि इकडे एका बाईला घोट्यापर्यंत झाकेल असा साधा सूट मिळायला तिचं ६७ वं वर्ष उजाडावं लागलं.

टोपीनं केस कोरडे राहतात अशी पुष्कळांची समजूत आहे, ते होत नाही. टोपी केस डोळ्यांवर येऊ देत नाही, गळलेले केस पाण्यात जाऊ देत नाही, आणि थोडाफार बचाव करते. लांब केसांना सिलिकॉनची घ्या, लेटेक्सची केस ओढते आणि लवकर फाटते. आणि तेल लावून जायचं नाही. हे आईला पटवायला मला दोन दिवस लागले, कारण तिच्या हिशेबानं पाण्यात जायचं म्हणजे डोक्याला खोबरेल हवंच. ते तेल सगळ्यांच्या पाण्यात उतरतं आणि फिल्टरला त्रास होतो. त्याऐवजी आधी शॉवरखाली केस चांगले भिजवायचे, कोरडे केस क्लोरीनचं पाणी शोषून घेतात, आधीच साधं पाणी प्यायलेले केस कमी घेतात. तो आधीचा शॉवर मी सामानातच धरते, साबणाचा तुकडा पिशवीत असतोच. तलावावर जो उग्र वास येतो आणि डोळे लाल होतात त्याला लोक क्लोरीन जास्त झालं म्हणतात, पण पुष्कळदा तो क्लोरीन आणि आपला घाम, लघवी यांच्या संयोगातून तयार झालेल्या क्लोरामाइनचा प्रताप असतो. म्हणजे आपण अंघोळ न करता उतरलो की शेजारच्या लेनमधल्या लहान मुलाचे डोळे चुरचुरतात. हे कळल्यापासून मी शॉवर टाळणाऱ्या माणसाला, ओळख नसली तरी, सांगते.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, या सगळ्यावर एकच म्हणणं होतं. "एवढा पसारा कशाला, पाठीला डबा बांध की, आठ दिवसांत येतंय." आप्पा वाळवा तालुक्यातले, विहिरीत शिकलेले. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकण झाळून हवाबंद केलेला, सुंभानं पाठीला बांधायचा आणि थोरल्या भावानं वरून ढकलायचं. कोणाकडे डबा नसला तर वाळलेला भोपळा, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. मी त्यांना आईचा किकबोर्ड दाखवला, निळा, फोमचा. त्यांनी तो तळव्यावर तोलून बघितला, कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "हां, म्हणजे डबाच की हा." आणि खरंच आहे ते. फरक एवढाच की डबा पाठीवर असतो त्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि बोर्ड हातात धरायचा असतो त्यामुळे पाय शिकतात. हात शिकायला मांड्यांमध्ये धरायचा पुल बॉय असतो, मधे बारीक आणि दोन्हीकडे फुगीर, तो पाय वर तरंगत ठेवतो आणि मग माणूस नुसत्या हातांवर जातो.

पुल बॉयचं नाव निघालं की आप्पा मुरलीकांत पेटकरांवर येतातच, पेटकर पेठ इस्लामपूरचे, आप्पांच्याच वाळवा तालुक्यातले, म्हणजे घरचीच गोष्ट. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलेला हा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहला, विश्वविक्रम, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं गोल्ड. मी कधी पुल बॉय लावून नुसत्या हातांनी ५० मीटर मारते, पाय आयते तरंगतायत, कोणी मागे नाही, आणि तरी शेवटच्या दहा मीटरला खांदे भरून येतात. तेव्हा ते सेकंद किती कमी आहेत ते अंगाला कळतं.

एका गोष्टीवर मात्र मला कडक बोलायचं आहे, आणि ती म्हणजे लहान मुलांच्या दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांच्या पट्ट्या. दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या सोसायटीत वाढदिवस होता, पूलच्या बाजूलाच. चार वर्षांचं पोर, दोन्ही दंडात केशरी फुगे, आईबाप तीन हातांवर गप्पा मारतायत. पोरानं दोन्ही हात सरळ वर केले आणि पट्ट्यांतून खाली सरकलं. ना ओरडणं ना हात आपटणं, आवाजच नाही. पट्ट्या वर तरंगत राहिल्या. मी काठावर होते म्हणून मला दिसलं आणि मी कपड्यांनिशी उडी मारून त्याला वर काढलं, सगळं मिळून चार-पाच सेकंद, पोराला काही झालं नाही. पण ती रिकामी केशरी जोडी अजून माझ्या डोळ्यांपुढे येते. ती वस्तू खेळणं आहे, जीव वाचवायची वस्तू ती नाही. बोटीत बसताना किंवा समुद्रावर नेताना पोराला मापाचं, बक्कल लागणारं लाइफ जॅकेट घाला, आणि तलावात त्याच्यापासून हातभर अंतरावर स्वतः पाण्यात उभे राहा, फोन चेंजिंग रूममध्ये ठेवून. अजून एक, मुलांना निळा किंवा पांढरा कॉश्च्युम घेऊ नका, पाण्याखाली तो दिसेनासा होतो. भडक केशरी, भडक गुलाबी घ्या.

बाकी किरकोळ. रबरी चप्पल, चेंजिंग रूमच्या ओल्या फरशीवर अनवाणी चाललं की पायाच्या बोटांत बुरशी येते. कानाचा पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नका, आणि पाणी गेलं तर डोकं कलतं करून निथळू द्यायचं, कानात काडी घालायची नाही. हातात अडकवायचे पॅडल, पायात घालायचे फिन्स हे पहिल्या वर्षी नकोच.

टॉवेलचं मात्र मुंबईत वेगळंच आहे. जुलैत काहीच सुकत नाही. जाड टर्किशचा टॉवेल मंगळवारी भिजला तर गुरुवारी त्याला कुबट वास, गॉगलच्या पट्ट्यावर काळे ठिपके, पिशवीच्या कोपऱ्यात बुरशी. मी पहिल्या पावसाळ्यात तीन टॉवेल आळीपाळीनं वापरून थकले. आईनं तिसऱ्याच दिवशी टॉवेल बाजूला ठेवला आणि आप्पांचा पंचा घेतला. सुती, पातळ, अंग झटकन टिपतो, मुठीत मावतो, पंख्याखाली दोन तासांत सुकतो. सुतीचा विषय तिनं असा जिंकला. आता माझ्याही पिशवीत पंचाच असतो, आणि पिशवी जाळीची, बुडाला हवा लागणारी, बाजारात कांद्या-बटाट्याला नेतो तसली.

एकदा ती सगळं पलंगावर मांडून बघत होती, म्हणाली, "एवढं सगळं लागतं होय?" मी तिला आरती साहांची गोष्ट सांगितली. १९५९ साली, सप्टेंबरच्या २९ तारखेला, १९ वर्षांची कलकत्त्याची मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली, १६ तास २० मिनिटं, आणि तसं करणारी ती आशियातली पहिली बाई. महिनाभर आधीचा तिचा पहिला प्रयत्न फसला होता. ती खाडी आजही नियमानं पोहायची तर अंगावर एक साधा कॉश्च्युम, एक टोपी, एक गॉगल आणि घासू नये म्हणून ग्रीस, बस, गरम ठेवणारा सूट चालत नाही. आणि शेजारून एक बोट, जिच्यातली माणसं तुमच्यावरची नजर हलवत नाहीत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं किकबोर्ड पलंगावरून उचलून बाजूला ठेवला, कॉश्च्युम, टोपी, गॉगल आणि पंचा एवढंच पिशवीत भरलं आणि म्हणाली, "बोट तू."

पहिले तीन आठवडे ती उथळ बाजूला दांडी धरून उभी राहून नुसते बुडबुडे सोडत होती. तोंड पाण्यात, नाकातोंडातून श्वास बाहेर, मान वळवून आत. मंगळसूत्र काढून ठेवायचं म्हटल्यावर जरा घुटमळली, आप्पाच म्हणाले, "काढ की, मी काय पळून जातोय," मग ते रोज एका छोट्या स्टीलच्या डबीत जायला लागलं. जोडवी मात्र निघेनात, साबण लावून बघितला, ४५ वर्षांची बसलेली, तशीच राहिली.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, बाहेर पाऊस आणि तलावावर आम्ही सातआठ बायकाच, तिनं दांडी सोडली. मला न सांगता. मी चार-पाच हातांवर पाण्याखाली होते, ग्लाइड करत तिच्याकडेच येत होते, आणि मला समोर तिचे पाय दिसले. आधी दोन्ही फरशीवर, मग एक उचललेला, मग दोन्ही. गॉगलमधून पाण्यातली वस्तू आहे त्याहून साधारण पाव अंतरानं जवळ आणि मोठी दिसते, म्हणून ते पाय मला हात लावण्याइतके जवळ वाटले, जांभळ्या पँटची घोट्याला चिकटलेली कड, टाचेवरच्या भेगा, आणि दुसऱ्या बोटांतली ती चांदीची जोडवी, त्यांच्यावरची झिजलेली नक्षीसुद्धा, एकेक रेघ. मी हात पुढे केला नाही. पाय जमिनीपासून वीतभर वर होते आणि हळूहळू, खालीवर, खालीवर, हलायला लागले होते.